जुनी स्पोर्ट्स कार हाती घेताय? आधी काट्यावर न्या

बंडीत कापूस भरताना आमचे बाबा मधूनमधून जू हाताने उचलून बघत. मागे ओझं जास्त झालं की बंडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. पुढे जास्त झालं की बैलांची मान सोलून निघते. "भरता आली त हाकता येते," म्हणायचे. मी जन्मभर हिंगणघाटला मिस्त्रीकाम केलं. नागपूरचे एक हौशी मालक त्यांच्या जुन्या गाड्या माझ्याकडे पाठवतात, आणि अजूनही मी सुरुवात तिथूनच करतो.

म्हणून पहिलं काम, गाडी जिनिंगच्या वजनकाट्यावर नेणं. हंगाम संपला की काटेवाला रिकामाच असतो. टाकी भरा, ड्रायव्हर बसवा, पूर्ण गाडीचं वजन घ्या. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून घ्या. वजाबाकी केली की मागचा भार कळतो. दहा-पाच किलो इकडेतिकडे होतील, चालतं.

इंजिन पुढे असलेली, एमजी बीसारखी गाडी (१९६२ ते १९८०) नवशिक्याला बरी. भार जवळजवळ अर्धा-अर्धा. वळणावर वेग जास्त झाला तर बहुतेक वेळा पुढची चाकं आधी ओरडतात, नाक बाहेर जायला बघतं. पाय हलका केला की येते परत. ओल्या रस्त्यावर रेस मात्र जपून द्या, ढकलणारी चाकं मागची आहेत.

खरी परीक्षा मागच्या इंजिनवाल्यांची. पोर्श ९११ मध्ये इंजिन मागच्या आसाच्याही पलीकडे लटकतं, शेकडा साठच्या आसपास भार मागे. निघताना पकड झकास. पण वळणात घाबरून पाय उचलला की भार पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होतात आणि ते लटकणारं इंजिन सरळच जायला बघतं. शेपूट पुढे, तोंड मागे! १९६९ च्या मॉडेलला कंपनीने मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली, इंजिन जागेवरच ठेवलं. त्याआधी काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये लोखंडाची वजनं बसवली होती. वाचलं तेव्हा हसू आलं. बाबाही उलाळ बंडीच्या पुढच्या अंगाला धोंडा ठेवत.

मला हा धडा फोक्सवॅगनच्या बीटलने दिला, तिचंही इंजिन मागेच. ती स्पोर्ट्स कार नाही, पण पोर्शची ३५६ गाडी १९४८ साली तिच्याच सामानातून उभी राहिली, म्हणजे रक्त तेच. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर काळी माती आणून टाकली होती, ती साबणासारखी झालेली. नाल्याजवळच्या वळणावर मी पाय उचलला, वरून ब्रेकही मारला. गाडी थांबली तेव्हा आलो तिकडेच तोंड होतं. बाजूच्या बांधावरची म्हातारी म्हणाली, "काहून बाप्पा, काही इसरला का?"

तर मागच्या इंजिनला रीत एकच. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना. वळणात शिरल्यावर पाय हलकासा टेकलेला ठेवा, एकदम सोडू नका. शेपूट सुटलंच तर ते ज्या बाजूला जातंय त्या बाजूला स्टेअरिंग फिरवा आणि ब्रेक विसरा.

मधल्या इंजिनवाली आमच्याकडे आली नाही, पण समजायला खांद्यावर कावड घेऊन वळून पाहा. दोन टोकांच्या घागरी आधी वळू देत नाहीत, मग थांबू देत नाहीत. त्याच घागरी छातीशी धरा, झटकन वळाल. लॅम्बोर्गिनीने (हो, आधी ट्रॅक्टर बनवणारे तेच) १९६६ साली मिउरामध्ये बारा सिलिंडरचं इंजिन आडवं, सीटच्या मागे बसवलं. अशी गाडी पटकन वळते, आणि हद्द ओलांडली तर भोवऱ्यासारखी पटकन फिरतेही. मिउराची टाकी पुढे होती, त्यामुळे पेट्रोल संपत आलं की नाक हलकं व्हायचं.

सराव शेतात नको. उन्हाळ्यात काळ्या रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. जिनिंगचं काँक्रीटचं आवार मागून घ्या, फक्कीने मोठं वर्तुळ आखा, स्टेअरिंग एका जागी धरून वेग हळूहळू वाढवा. कोणती चाकं आधी रेघ सोडतात ते दुसऱ्याला बाहेर उभं राहून बघू द्या, लांबून.

आणि हवा! पंक्चरवाला चारही चाकांत सारखी भरून देतो, तिथेच घात होतो. मागे इंजिन असलेल्या शेवरले कॉर्वेअरला कंपनीने पुढे १५ आणि मागे २६ पौंड सांगितली होती. पुढचे टायर मऊ ठेवले की पुढची पकड आधी सुटते, शेपूट जागेवर राहतं. सारखी भरली की उलटं. बीटलच्या दाराच्या आत मी ऑइल पेंटने तिचे पुढचे-मागचे आकडे लिहून ठेवलेत. तरी परवा मालकांचा ड्रायव्हर विचारत होता, "भाऊ, पुढच्यात हवा कमी वाटून राहिली, भरून घेऊ का?"