काल्पनिक सागरी प्राणी रचताय? निदान या चुका टाळा

"काल्पनिकच आहे, मग काहीही चालेल की!" हे मला दर बॅचमध्ये ऐकावं लागतं. नाही चालत. ज्या खऱ्या प्राण्यांवरून तुमचा प्राणी उचललाय, त्यांची हाडं तरी नीट बघा.

सगळ्यात डोक्यात जाते ती शेपटी. माशाची आणि इक्थिओसॉरची (डायनोसॉरच्या काळातला, माशासारखा दिसणारा सागरी सरीसृप) शेपटी उभी असते, डावी-उजवी हलते. देवमाशाची आडवी, वर-खाली हलणारी. त्याचे पूर्वज जमिनीवरचे सस्तन प्राणी, धावताना त्यांचा कणा तसाच वाकायचा. एका गेमसाठी आमच्याकडे 'महामकर' आला होता. धड इक्थिओसॉरचं, शेपटी देवमाशाची. का, तर "भारी दिसते". मी हरकत घेतली, तर डेडलाइन दाखवली. ॲनिमेशनमध्ये धड डावं-उजवं वळायला लागलं आणि ती आडवी शेपटी पाणी ढकलायचं सोडून नुसती कापत राहिली. प्राणी जागेवरच वळवळतोय असं दिसायचं. शेवटी रिग, म्हणजे ॲनिमेशनसाठी आत बसवलेला हलता सांगाडा, मोडून कण्यापासून सगळं नव्याने.

मी आधी फक्त कणा काढतो. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक रेघ, बाजूने आणि वरून. कुठे वाकणार हे ठरेपर्यंत दातांना हात लावायचा नाही. बाजारातून अख्खी सुरमई आणा, शेपटीच्या मुळाशी धरून दोन्ही दिशांनी वाकवून बघा. पिंटरेस्टवर तासभर घालवण्यापेक्षा बरं, आणि नंतर तळताही येते.

दुसरी चूक मानेची. एलास्मोसॉरस या लांब मानेच्या सागरी सरीसृपाच्या मानेत सत्तरच्या वर मणके होते, पण म्हणून काही ती हंसासारखी पाण्याबाहेर ताठ उभी राहत नव्हती. एवढं वजन हवेत पेलायला खाली टेकू कुठाय? अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ एडवर्ड कोप यांनी १८६० च्या दशकात याच प्राण्याचं डोकं शेपटीच्या टोकाला लावलं होतं. पण त्यांच्यापुढे अर्धवट सांगाडा होता. तुमच्यापुढे सगळं तयार आहे, फक्त बघायचा कंटाळा.

बाकीच्या भराभर. सागरी सरीसृपाला कल्ले नकोत; तो श्वास घ्यायला वर येतो, नाकपुड्या दाखवा. ट्रायलोबाइट हे कवचवाले समुद्री जीव साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीच संपले, कितीतरी नंतर आलेल्या मोसासॉर या सागरी सरीसृपाच्या तोंडात कोंबू नका. इक्थिओसॉरला वाळूत अंडी घालायला लावू नका. जर्मनीत होल्झमाडेनला पोटात पिल्लं असलेले जीवाश्म मिळालेत. आणि एआयला "मगर अधिक देवमासा" सांगून निघालेलं चित्र माझ्याकडे तपासायला आणणार असाल, तर आधी दोन्ही बाजूंची वल्ह्यांसारखी पोहायची अंगं तरी मोजून या.