लक्झरी गाडी नवी घ्यायची का जुनी? सोलापूरकरांसाठी

इन्शुरन्सच्या हिशोबात ३ वर्षं उलटलेल्या गाडीची किंमत ४० टक्के कमी धरतात, म्हणजे तो फटका पहिल्या मालकाने खाल्लेला असतो, म्हणून वॉरंटी शिल्लक असलेली जुनीच घ्या असं माझं स्पष्ट मत. फक्त बघायला भर दुपारी जा, आपल्या एप्रिलच्या उन्हात एसी आणि कूलिंगचं खरं-खोटं लगेच कळतं.

टायरवर ४ आकडे असतात, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं, २३२१ म्हणजे २०२१ चा २३वा आठवडा. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) असेल तर रात्रभर उभी केलेली गाडी सकाळी एका बाजूला बसलीय का बघा, हे काम लय महागात जातं.

जुन्या मालकाचं गाडीवर लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. वॉरंटी संपली असेल आणि प्रत्येक सर्व्हिसला पुणं गाठायची तयारी नसेल तर मग सरळ नवीच घ्या.