श्रीलंका: कोलंबोतून डोंगरात जाताना

कोलंबोला एक दिवस पुरे. सकाळी पेट्टा बाजारातली लाल-पांढरी मशीद बघा, संध्याकाळी समुद्राकाठच्या गॉल फेस मैदानावर हवा खा. मग कँडी. तिथल्या दंतमंदिरात (बुद्धाचा दात जपलेलं मंदिर) खांदे-गुडघे झाकलेले लागतात. मी ओढणी हाताशीच ठेवली होती.

माझा जीव जडला तो कँडी ते एल्ला या डोंगरातल्या गावापर्यंतच्या रेल्वेवर. सहा-सात तास लागतात, पण कंटाळा येत नाही. तिकीट दुसऱ्या वर्गाचंच काढा, खिडक्या उघडता येतात. नानू ओया स्टेशन सुटलं की गारवा झोंबू लागतो आणि धुक्यातून चहाची ओली पानं अगदी हाताला लागतील इतकी जवळ येतात. पत्तीपोला स्टेशन तर समुद्रसपाटीपासून जवळपास १९०० मीटरवर! स्वेटर बॅगेत वरच ठेवा. पावसात दरडी कोसळतात, म्हणून गाड्या सुरू आहेत ना, ते आधी विचारा. एल्लाचा नऊ कमानींचा पूल पहाटेच गाठा.