कावळ्याचं घर, चिमणीचं घर: दिवाळीच्या सुट्टीतला एक उद्योग

कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. ही गोष्ट पोरांना आधी सांगा, मगच घर करायला चपलांचं खोकं हातात द्या. आधी खोकं दिलंत तर दहाही घरं एकसारखी होतात, मधे दार आणि दोन बाजूंना दोन खिडक्या. गोष्ट झाली की प्रश्न सुरू होतात. आमच्या गच्चीवर भाच्यानं विचारलं, "कावळ्याला दार कशाला पायजे? त्यो वरनंच येणार की!" मग त्याच्या घराला छपरातच भोक ठेवलं.

साहित्य विकत आणू नका. दिवाळी झाली की किल्ल्याची माती अंगणात पडून असते, आणि कोल्हापुरात ऊसतोड सुरू झाली की पाचटाला तोटा नाही. रसाच्या गाड्यावरची चिपाडंही चालतात, पण ती धुवून दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर पोरांच्या आधी मुंग्या राहायला येतील. घरातून चपलांचं खोकं, जुनी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, बाटल्यांची झाकणं, नारळाची करवंटी आणि शेंगांची टरफलं गोळा करा. चप्पल लाइनीत, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात, ओळखीचा कारागीर असेल तर चामड्याच्या चार कातरणी मागून घ्या.

चिकटवायला खळ करा. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न राहता कालवा, कपभर पाण्यात घालून मंद आचेवर ढवळत राहा. पारदर्शक झाली की उतरवा. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. ते विषारी असतं, पोरांच्या कामात अजिबात नको. रोज ताजी खळ करा, शिळी आंबते.

आता भिंती. पहिल्या वर्षी मी खोक्यावर थेट ओली माती थापली आणि सकाळी उठून बघतो तर घर गुडघ्यावर बसलेलं. पुठ्ठा पाणी पितो. म्हणून आधी वर्तमानपत्राचे तुकडे खळीत बुडवून आतून-बाहेरून दोन थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. दारं-खिडक्या मोठ्यांनी कापायच्या, कुठं ते पोरांनी सांगायचं. मग चाळलेल्या मातीत बारीक कातरलेलं पाचट किंवा भाताचं तूस आणि थोडी खळ मिसळून पातळ लेप द्या. वाळताना माती आकसते आणि तडकते, ते तंतू तिला धरून ठेवतात. जुन्या घरांच्या भिंतीत तूस असायचं ते यासाठीच. लेप सावलीत वाळवा.

छपरावर मात्र वेळ घालवा, खरी मजा तिथं आहे. खोक्याचं झाकण मधोमध दुमडून दोन उतार करा. पाचट बोटभर लांबीचं कापून बोटाएवढ्या जाड पेंढ्या बांधा. पहिली ओळ खाली वळचणीला चिकटवा, दुसरी तिच्या वर, पहिलीचा अर्धा भाग झाकेल अशी, आणि तसंच आढ्यापर्यंत जा. पोरं हमखास वरून सुरू करतात. करू द्या एकदा, पाणी आत का जातं ते लगेच दिसतं. आढ्यावर नारळाचा काथ्या दाबून बसवा.

दाराला चामड्याची पट्टी बिजागरीसारखी लावा, दार खरंच उघडतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावतात. ते जाड असतं, त्यामुळे कापायचं काम तुमचं.

म्हातारीचा भोपळा करायचा असेल तर फुगवलेल्या फुग्यावर खळीतल्या कागदाचे चार-पाच थर द्या, प्रत्येक थर वाळवून. मग फुगा फोडा आणि म्हातारी मावेल एवढं दार कापा.

रंगाला गेरू आणि हळद खळीत कालवा. हळद उन्हात विटते, हे आधीच सांगून ठेवा. हळदीत साबणाचं पाणी टाकलं की ती लाल होते, हा खेळ पोरं दिवसभर पुरवतात.

शेवटी पाऊस पाडायचा. झारीनं वरून पाणी सोडा आणि कुठल्या ओळीत फट राहिली ते पोरांनाच शोधू द्या. आमच्याकडे चिमणीचं घर कोरडं राहिलं. कावळ्याच्या घरात छपरातल्या भोकातून तळं साचलं. भाच्याला विचारलं, आता काय? तो म्हणाला, "गोष्टीत तरी दुसरं काय झालंतं?"