घरी ओतलेले सॉफ्ट लूर रंगवताना या चुका टाळा

साच्यातून निघालेला लूर, म्हणजे मासे पकडायला गळाला लावायचं बहुधा माशाच्या आकाराचं खोटं आमिष, हाताला रबरासारखा लागतो, पण तो रबर नसतो. तो असतो प्लास्टिसॉल: पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव, म्हणजे प्लास्टिसायझर. साधारण १७५ अंश सेल्सिअसला पूड हे द्रव शोषून घेते आणि मिश्रण एकजीव होतं. तरीही ते द्रव आत कायमचं बांधलं जात नाही. थोडं थोडं पृष्ठभागावर येत राहतं, शेजारच्या वस्तूत शिरत राहतं. रंग चिकट राहतो, सोलतो, पसरतो अशा बहुतेक तक्रारी इथून सुरू होतात आणि दोष मात्र रंगाच्या बाटलीला लागतो.

हाताशी असेल तो रंग मारणं

इनॅमल, स्प्रेचा डबा, नेलपॉलिश यांनी पहिल्या दिवशी काम झकास दिसतं. काही दिवसांत प्लास्टिसायझर रंगाच्या थरात शिरतो आणि थर कायमचा चिकट होतो. असा लूर पंख्याखाली चार दिवस ठेवा नाहीतर चाळीस, तो वाळणार नाही. अ‍ॅक्रिलिकची गोष्ट वेगळी. ते वर नुसतं बसून राहतं आणि शेपटी हलायला लागली की पापुद्रे निघतात.

इथे चालतो तो व्हायनिलचा, खास सॉफ्ट प्लास्टिकसाठी बनवलेला रंग. त्यातलं एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) किंवा सायक्लोहेक्झॅनोनसारखं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं द्रव, लूरचा वरचा थर किंचित विरघळवतं, आणि रंगातलं व्हायनिल रेझिन पीव्हीसीच्याच घराण्यातलं असल्यामुळे दोन्ही एकमेकांत मुरतात. आधी ओतताना उरलेल्या तुकड्यावर रंग मारून पाहा. २४ तासांनी तो दुप्पट ताणा, दुमडा, अंगठ्याने घासा. रंगाला भेग पडली किंवा अंगठ्याला रंग लागला, तर पुढे जाऊ नका.

लूर टीपीईचे, म्हणजे थर्मोप्लास्टिक इलास्टोमर या दुसऱ्या रबरी प्लास्टिकचे असतील (हे पुष्कळ जास्त ताणले जातात आणि पाण्यावर तरंगतात), तर व्हायनिल रंग त्यांना धरत नाही.

न धुता रंगवणं

साच्याला लावलेलं तेल लूरवर येतं. तेल सिलिकॉनचं असेल तर रंगाला माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून लूर धुवा, दोनदा खळबळून घ्या, पूर्ण वाळवा. मग धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकदा पुसा. त्यानंतर बोट लावायचं नाही, लूरच्या नाकात टाचणी खुपसून धरायचं. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ‘स्वच्छ’ करण्याचा मोह आवरा, त्याने पृष्ठभागच चिकट होतो.

ओतल्यावर निदान एक दिवस थांबा. धुतलेला लूर रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवा. सकाळी कागदावर ठळक तेलकट डाग दिसला, तर एकतर प्लास्टिसॉल नीट तापलेलं नव्हतं, नाहीतर मऊ करणारं द्रव जास्त पडलं. कमी तापलेला लूर दुधाळ दिसतो आणि ओढला की सहज फाटतो. त्याला कुठलाही रंग वाचवू शकत नाही, तो पुन्हा वितळवायचा. वाकडी शेपटीसुद्धा आत्ताच गरम पाण्यात सरळ करून गार पाण्यात घाला, रंगानंतर नको.

एअरब्रशच्या भानगडी

एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन. ०.३ ते ०.५ मिमीचं नोझल, १५ ते २५ पीएसआय दाब आणि १० ते १५ सेंटिमीटर अंतर, इथून सुरुवात करा. रंग दुधाइतका पातळ हवा आणि थिनर त्याच रंगाचा.

कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू उडत असतील तर रंग जाड आहे किंवा दाब जास्त आहे. थर खरखरीत येत असेल तर रंग वाटेतच वाळतोय, जवळून मारा. पांढुरकी धुरकट झाक आली तर हवेतली ओल थरात अडकली आहे. सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर बाष्प जमतं. दमट दिवशी काम पुढे ढकला, किंवा सावकाश उडणारं थिनर घ्या.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे एकाच फवाऱ्यात रंग भरून काढणं. वर साय धरते, सॉल्व्हंट खाली कोंडतं, पातळ पर फुगून वळतात आणि रंगाला सुरकुत्या पडतात. दोन-तीन हलके थर द्या, मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. फ्लुरोसंट रंगाखाली पांढरा थर लागतोच, नाहीतर गडद अंगावर तो मेलेला दिसतो.

या सॉल्व्हंटची वाफ पेट घेते, त्यामुळे जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. धुळीचा मास्क इथे कुचकामी आहे, सेंद्रिय वाफांसाठीचं काडतूस लावलेला मास्क घ्या. नायट्राइल हातमोजे एमईकेपुढे टिकत नाहीत, ब्युटाइल रबराचे लागतात. एअरब्रशमधल्या साध्या रबरी रिंगाही फुगतात, पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) बसवा.

कोरडी पूड आणि पारदर्शक थर

एअरब्रश नसेल तर मऊ ब्रशने अभ्रकाची मोतिया पूड घासून मग लूर गरम पारदर्शक प्लास्टिसॉलमध्ये बुडवून वर त्याचा थर देता येतो. माझ्या मते चकाकी याचीच जास्त खुलते. फक्त पूड जाड बसली तर वरचा थर पायमोज्यासारखा अख्खा निघून येतो. घासून झाल्यावर कोरड्या ब्रशने जादाची पूड झटका, अंगावर नुसती झाक राहू द्या.

बुडवायचं प्लास्टिसॉल कमी तापलं तर गोळे धरतात. जास्त तापलं तर ते पिवळं पडतं आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइडची घातक वाफ सुटते. लूर एक सेकंद बुडवून लगेच उलटा टांगा. त्यावर पाण्याचा थेंबही असता कामा नये, उकळतं प्लास्टिसॉल अंगावर उडतं. पॅडल (वल्ह्यासारख्या चपट्या) शेपटीचा देठ शक्यतो बुडवू नका, तो जाड झाला की शेपटी हलेनाशी होते.

डोळे आणि साठवण

स्टिकरचे डोळे नुसत्या गोंदावर टिकत नाहीत. खळगीत सायनोअ‍ॅक्रिलेट जेलचा एक बारीक थेंब पुरे, जास्त झाला तर भोवती पांढरी धूसर कड येते. साध्या परमनंट मार्करचे ठिपके काही आठवड्यांत पसरून ढग होतात.

तयार लूर रंगाप्रमाणे वेगवेगळे ठेवा. डायचा (विरघळणाऱ्या रंगद्रव्याचा) लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतो आणि तो धुऊन जात नाही. पॉलिस्टायरीनच्या कडक डब्यात ठेवलात तर डबाच वितळून लूरला चिकटतो, म्हणून पॉलिथिनच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या वापरा. टीपीईचे लूर मात्र पिशवीतसुद्धा या प्लास्टिसॉलच्या लूरसोबत नकोत, दोघांचा मिळून एक गोळा होतो.