जुनी क्रूझर मोटरसायकल घ्यायला जाताय? आधी इंजिनला हात लावून बघा

पोचल्या पोचल्या पहिलं काम म्हणजे इंजिनला हात लावायचा. गार लागलं पाहिजे. फोनवरच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि तरीही हात लावल्यावर कोमट लागली तर सरळ म्हणा, उद्या सकाळी परत येतो. एकदा गरम झालं की बरंचसं खराब इंजिनही गोड वाजतं, कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचं खरं काय ते गार असतानाच्या पहिल्या दोन मिनिटांतच कळतं.

चोक ओढून सेल्फ मारा. किती वेळ फिरवावं लागतं ते बघा, आणि कान द्या. सेल्फ मारताना करकर किंवा खडखड असा धातू घासल्याचा आवाज आला तर स्टार्टरचे गिअर किंवा क्लच झिजलाय. १९८१ ते १९८३ मधल्या यामाहा व्हिरागो या आवाजासाठी ओळखल्याच जातात, तेव्हा तसली गाडी बघत असाल तर चारपाच वेळा तरी सेल्फ मारून बघा. चालू झाली की अर्ध्या मिनिटाने दोन्ही सायलेन्सर पाईपांवर, अगदी इंजिनमधून निघतात तिथे, पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. एकावर चर्र करून उडाले आणि दुसऱ्यावरून नुसते ओघळले म्हणजे तो सिलेंडर काम करत नाहीये. व्ही ट्विन, म्हणजे व्ही आकारात दोन सिलेंडर असलेलं इंजिन, एका सिलेंडरवरही धडधडत राहतं आणि नवख्याला वाटतं हाच तर क्रूझरचा आवाज.

धुराचं थोडक्यात सांगतो. चालू करताना निळा भपकारा येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील गेलेत, ते बदलून घेता येतात. रेस दिल्यावर निळा येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, पुढच्या गाडीकडे वळा. गार इंजिनाची थोडी पांढरी वाफ चालते.

आता किलोमीटर. यात लोक सगळ्यात जास्त फसतात आणि मीही फसलोय. अठरा वर्षांची गाडी, मीटरवर जेमतेम आठ हजार, क्रोम असं की तोंड दिसावं, मी दहा मिनिटांत हो म्हणून मोकळा. घरी आणल्यावर टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारला तर आत गंजाचा थर, पेट्रोलला वार्निशसारखा आंबट वास, कार्बोरेटरचे स्लो जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रं, बुजलेले, आतले रबरी डायफ्राम कडक होऊन चिरलेले, आणि आठवडाभरात पुढच्या दोन्ही फोर्कचे सील गळायला लागले. गाडी चालवून खराब झाली नव्हती, उभी राहून झाली होती. तेव्हापासून मी साठ हजार चाललेली पण दर महिन्याला बाहेर निघालेली, बिलं जपून ठेवलेली गाडी आधी बघतो, आणि कमी किलोमीटरवाली असेल तर पहिला प्रश्न हाच की ती किती वर्षं उभी होती आणि टाकी भरून उभी होती का रिकामी.

टायरवरची जाडी बघून खूश होऊ नका. बाजूला DOT लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१४ असेल तर २०१४ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० च्या आधीचा आहे, त्यावर टेस्ट राइडसुद्धा नको.

खिशात छोटा मल्टिमीटर ठेवा. गाडी बंद असताना चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि चालू करून तीन हजारापर्यंत रेस दिली की साधारण १३.५ ते १४.५ दिसायला पाहिजेत. तेरालाही पोचत नसेल तर स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) नाहीतर रेग्युलेटर (ती वीज बॅटरीला योग्य व्होल्टला देणारा) गेलाय. हे एवढं का सांगतोय, तर कावासाकी व्हल्कन ७५० सारख्या गाडीत स्टेटर बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि विकणारा मात्र बॅटरी थोडी डाऊन आहे एवढंच म्हणतो. तसंच १९९९ ते २००६ मधली ट्विन कॅम इंजिनची हार्ले असेल तर कॅम चेनच्या टेन्शनरचे शू, म्हणजे इंजिनमधली ती चेन ताणून धरणारे तुकडे, बदललेत का ते विचारा, ते झिजून त्याचे तुकडे ऑइलमध्ये जातात. हो बदललेत म्हणाले तर बिल दाखवा म्हणा.

शाफ्टवाल्या, म्हणजे चेनऐवजी दांड्याने मागचं चाक फिरवणाऱ्या गाडीत चेनची कटकट नाही म्हणून मागच्या बाजूकडे वर्षानुवर्षं कोणी बघतच नाही. फायनल ड्राइव्हचं (मागच्या चाकाजवळच्या गिअर डब्याचं) ऑइल शेवटचं कधी बदललं, टायर काढला तेव्हा स्प्लाइनला (चाक अडकतं त्या दात्यांना) ग्रीस लावलं का, हे विचारा. उत्तर देताना माणूस अडखळला तर समजून जा.

पुढचं चाक उचलून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या. बरोबर मध्ये खट्कन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. तिथेच खाली वाकून हँडल जिथे थांबतं ते स्टॉपर बघा, चेपलेले किंवा तुटलेले असतील तर गाडी जोरात पडलेली आहे, वरचा रंग कितीही नवा असू दे. लिव्हरची टोकं आणि फूटरेस्टच्या कडाही बघा, पण नुसते थोडे ओरखडे असतील तर ती उभ्या उभ्या आडवी झाली असेल, एवढ्या जड गाड्यांचं ते होतंच.

कापलेला सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर, टेपने जोडलेल्या वायरी असलं काही दिसलं तर जेटिंग केलंय का, म्हणजे त्याप्रमाणे कार्बोरेटरचे जेट बदललेत का ते विचारा, नाहीतर इंजिन कोरडं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), जास्त गरम चालत असतं. मला विचाराल तर मूळ आहे तशीच गाडी घ्या.

चालवताना टॉप गिअरमध्ये सावकाश जात असताना एकदम रेस द्या, आवाज चढला आणि वेग नाही वाढला तर क्लच घसरतोय. आणि उतरल्यावर गाडी स्वतः ढकलून मागे घेऊन बघा, बऱ्याच मोठ्या क्रूझर अडीचशे किलोच्या वर भरतात, सीट खाली असल्यामुळे बसल्यावर ते वजन जाणवत नाही, पण उतारावर पार्किंगमधून काढताना चांगलंच जाणवतं.

कागद सगळ्यात शेवटी पण कंटाळा न करता. हँडलच्या मानेवर ठोकलेला चेसिस नंबर, १९८१ नंतरच्या बऱ्याच गाड्यांना सतरा अक्षरी, एकेक अक्षर कागदाशी ताडून बघा, आजूबाजूला घासल्याच्या खुणा नकोत, आणि कर्ज बाकी नाही ना तेही लेखी घ्या. सगळं जमलं तर पैसे हातात द्यायच्या आधी दुसरी किल्ली, मॅन्युअल आणि काढून ठेवलेला मूळ सायलेन्सर मागून गाडीजवळ आणून ठेवायला सांगा.