फायरवॉलचा अलर्ट घडीघडी येऊन राहिला? आधी पाहा, देऊन कोण राहिलं

राजेहो, पीसी सुरू केला की फायरवॉल अलर्ट, तो अलर्ट बंद केला का पुन्हा येते, मग घरचं पोट्टं कंटाळून फायरवॉलच ऑफ करून टाकते. ते नका करू. मे २०१७ मधला वॉनाक्राय व्हायरस आठवते ना, तो नेटवर्कमधल्या एका पीसीतून दुसऱ्यात कोणी काही न दाबताच घुसत होता, ४४५ नंबरच्या पोर्टातून, म्हणजे पीसीच्या नेटवर्कवाल्या दारातून. फायरवॉल असं बाहेरून येणारंच अडवते.

अलर्ट जास्त करून तीन ठिकाणाहून येतात, क्रोम, विंडोज नाहीतर अँटिव्हायरस, अन् तिघांचा इलाज वेगळा.

क्रोमवाला पहिले घेतो कारण खरा वैताग त्याचाच. उजवीकडं खाली कोपऱ्यात "तुमचा पीसी इन्फेक्टेड आहे, फायरवॉल बंद आहे" असं इंग्रजीत येते, घाबरायच्या आधी त्या खोक्यातले बारीक अक्षरं वाचा, तिथं गूगल क्रोम अन् कोण्यातरी अनोळखी साइटचं नाव सापडते. म्हणजे फायरवॉलचा काही संबंध नाही, जाहिरात आहे ते. फुकटात पिक्चर पाहायला गेलं, "रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा" आलं, अन् कोणीतरी दाबलं, बस एवढंच झालेलं असते. क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथं अलाऊच्या यादीत जे ओळखीचं नाही ते सगळं काढून टाका.

याचाच मोठा भाऊ म्हणजे पूर्ण स्क्रीन भरून येणारा, भोंगा वाजते अन् "मायक्रोसॉफ्टला फोन करा" म्हणून नंबर दिसते. मायक्रोसॉफ्ट आपल्या एरर मेसेजात फोन नंबर देतच नाही, म्हणून तो नंबर लावायचा नाही. एस्केप दाबून धरा, नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून क्रोमला एन्ड टास्क करा, अन् पुन्हा उघडल्यावर रिस्टोर विचारलं तर नाही म्हणा. कोणी फोन लावून एनीडेस्कचा (दुरून पीसी चालवायचं ॲप) आकडा देऊन बसलं असंल तर पहिले नेट बंद, मग बँक, अन् पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार.

आता विंडोजचा खरा अलर्ट. तो उगाच येत नाही, एखादा प्रोग्राम बाहेरून येणारं कनेक्शन घ्यायला बसला अन् त्याच्यासाठी नियम नसला का तो विचारते. खोक्यात नाव, पब्लिशर (बनवणारी कंपनी) अन् पाथ (प्रोग्राम कोणत्या फोल्डरात आहे तो पत्ता) असते, त्यातला पाथ नीट वाचा. प्रोग्राम फाइल्समधला ओळखीचा प्रिंटर असंल तर ठीक, पण टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमधून उठलेलं पब्लिशर नसलेलं काही असंल तर कॅन्सल करा अन् विंडोजच्याच डिफेंडर अँटिव्हायरसचा फुल स्कॅन लावा. कॅन्सल केल्यानं नेट बंद पडत नाही बरं का, बाहेर जाणारं विंडोज मुळातच अडवत नाही. अन् एकच प्रोग्राम परत परत काऊन विचारते? नियम पाथवर बसलेला असते, काही गेम अन् चॅटचे ॲप दर अपडेटला नवीन फोल्डरात जातात, मग विंडोजसाठी ते नवंच.

आपल्याकडं नेट बरेचदा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, आज दादाचा फोन, उद्या वहिनीचा. नवीन नेटवर्क विंडोज पब्लिक, म्हणजे परकं धरते, राहू द्या तसंच. घरच्या वायफायवर प्रिंटर शेअर करायचा असंल तेवढंच ते प्रायव्हेट, म्हणजे घरचं करा, अन् अलर्टमध्येही प्रायव्हेटवरच टिक द्या.

अँटिव्हायरसवाल्याचं सोपं आहे. दुकानदारानं टाकून दिलेला ट्रायल संपला का तो रिन्यू करा म्हणून डोकं खाते. पैसे भरायचे नसतील तर अनइन्स्टॉल करा, पीसी रिस्टार्ट करा अन् विंडोज सिक्युरिटीत डोमेन (ऑफिसचं नेटवर्क), प्रायव्हेट, पब्लिक तिन्हीकडं फायरवॉल ऑन आहे का पाहा.

नियमांचा पारच गुंता झाला असंल तर तिथंच खाली रिस्टोर फायरवॉल्स टू डिफॉल्ट आहे. पहिले जे जे अलाऊ केलं ते सगळं पुसल्या जाते, म्हणून प्रिंटरबिंटर दोन दिवस पुन्हा विचारन, तेवढं सहन करा.